टर्मिनलवरील फाइल-व्यवस्थापक : स्थापना आणि उपयोग

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर श्रीपेरुंबुदूर हे गाव आहे. विशिष्टाद्वैत मताचे आचार्य रामानुज यांचे हे जन्मस्थान. परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म इ. स. १०१७ मधला. २१ मे १९९१ रोजी राजीव गांधी यांची हत्या याच गावी झाली, आणि उर्वरित भारताला गावाचे नाव परिचित झाले ते त्या दुःखद घटनेमुळे. पुढे या परिसरात औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. नोकिया कंपनीच्या कारखान्यात २००६ पासून मोबाइल दूरध्वनी तयार होऊ लागले. तो कारखाना २०१४ मध्ये बंद पडला. डेल कंपनीचा संगणकांचा कारखाना येथे २००७ मध्ये सुरू झाला. भाताच्या खाचरांशेजारी संगणकांची जुळणी होऊ लागली, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल.

त्याच सुमारास तमिळनाडूत संगणकाच्या आतल्या अंगाविषयीही एक विचार चालू होता. यंत्र कोणाचेही असो, ते चालविणारी प्रणाली खुली असावी, तिचा अंतर्भाग कोणालाही पाहता यावा आणि तिच्यासाठी परवान्याचे मूल्य मोजावे लागू नये, असा तो विचार. एल्कॉट या राज्य शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाने आपल्या कार्यालयांतील संगणक लिनक्स प्रणालीवर नेले. सी-डॅक या संस्थेचे माहेर पुणे. परंतु तिच्या चेन्नई केंद्राने ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स’, संक्षेपाने ‘बॉस’, ही भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स प्रणाली सिद्ध केली व ती २००७ मध्ये प्रसृत झाली. २०११ मध्ये तमिळनाडू शासनाने शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना लॅपटॉप विनामूल्य देण्याची योजना सुरू केली. त्यांची खरेदी एल्कॉटमार्फत झाली आणि सुरुवातीच्या यंत्रांवर विंडोजच्या जोडीला बॉस लिनक्सही घातलेले होते. ज्यांच्या घरी पूर्वी संगणक नव्हता अशा कितीतरी घरांत त्यामुळे लिनक्सचा प्रवेश झाला.

प्रवेश झाला, पण ओळख कितपत झाली हा प्रश्न निराळा. बहुतेकांचा परिचय पडद्यावरच्या चित्रांपुरताच राहिला. पिवळ्या वा निळ्या फोल्डरचे चित्र, त्यावर दोनदा टिचकी, मग कागदांची चित्रे. हा चित्ररूप पडदा म्हणजेच संगणक, अशी आपली समजूत होऊन बसते. वस्तुतः लिनक्समध्ये तो पडदा हा इतर अनेक कार्यक्रमांसारखाच एक कार्यक्रम असतो. तो सुरू झाला नाही, तरी त्याखालची प्रणाली चालूच असते आणि फाइली जागच्या जागी सुरक्षित असतात. ज्याला हे ठाऊक नाही, तो आपले वर्षभराचे काम नाहीसे झाले असे समजून यंत्र दुकानात नेतो; आणि पुष्कळदा तेथे सर्व काही पुसून प्रणाली नव्याने बसवून दिली जाते. नुकसान होते ते त्या वेळी. या लेखात जे साधन सांगावयाचे आहे, त्याची खरी किंमत अशा प्रसंगी कळते. एरवीही ते सोयीचे आहेच.

एक प्रसंग कल्पून पाहू. श्रीपेरुंबुदूरजवळच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. सोलापूरहून किंवा नांदेडहून तिकडे गेलेला असेल, अथवा त्याच गावचा असेल. यंत्र जुने, डिस्क लहान. प्रकल्पाचा अहवाल दुसऱ्या दिवशी सादर करावयाचा आहे. रात्री तो यंत्र सुरू करतो, संकेतशब्द अचूक लिहितो, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा संकेतशब्द मागणारीच चौकट पुढे येते. पुन्हा लिहावे, पुन्हा तेच. लिनक्स वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. त्याची कारणे अनेक असू शकतात. परंतु डिस्क काठोकाठ भरणे हे एक नेहमीचे कारण होय. चित्ररूप पडद्याला सुरू होताना काही लहान फाइली लिहाव्या लागतात. त्यांना जागा उरली नाही की तो मागे फिरतो. यंत्र बिघडलेले नसते, अहवालही गेलेला नसतो. दार तेवढे बंद झालेले असते.

दुसऱ्या दाराने आत कसे जावे, हे सांगण्यापूर्वी घराची रचना सांगणे आवश्यक आहे.

कागद, रुमाल आणि दफ्तर

‘फाइल’ या शब्दासाठी मराठीत ‘धारिका’, ‘संचिका’ असे प्रतिशब्द सुचविले गेले. शासकीय कार्यालयांत ‘नस्ती’ हा शब्द रूढ आहे. भाषांतर करणाऱ्याला यांपैकी एखादा निवडण्याचा मोह होतो. परंतु नस्तीत अनेक कागद असतात, तर संगणकावरील फाइल म्हणजे पुष्कळदा एकच कागद. अर्थाचा हा घोटाळा टाळण्यासाठी येथे ‘फाइल’ आणि ‘फोल्डर’ हे सर्वांच्या तोंडी असलेले शब्दच ठेवले आहेत.

अर्थ मात्र आपल्या परंपरेतल्या एका व्यवस्थेवरून चांगला समजतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. श्रीपेरुंबुदूरच्या दक्षिणेस, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मराठी राजांच्या अमदानीतील मोडी कागदांची बासने आहेत. संशोधक एखाद्या कागदाचा निर्देश करतो तेव्हा तो आधी दफ्तर सांगतो, मग रुमाल, मग कागद. संगणकावरील फाइलीचा पत्ता याच रीतीने लिहितात. फरक इतकाच की संगणकात रुमालाच्या आत रुमाल, त्याच्याही आत रुमाल, असे हवे तितके खोल जाता येते.

लिनक्समध्ये या साऱ्याचा आरंभ एकाच ठिकाणी होतो. त्याची खूण एक तिरपी रेघ : ‘/’. तिच्या खाली ‘होम’ नावाचे फोल्डर, त्यात प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाचे एकेक फोल्डर, आणि आपले सर्व कागद त्यात. विंडोजची सवय असणाऱ्यांना ‘सी’ आणि ‘डी’ अशी वेगवेगळी कपाटे अपेक्षित असतात. लिनक्समध्ये तशी नाहीत. पेनड्राइव्ह लावला तरी तोही याच वृक्षाची एक फांदी म्हणून जोडला जातो. चित्ररूप पडदा चालू असताना तो बहुधा ‘/मीडिया’ या फोल्डरखाली दिसतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लिनक्स रोमन लिपीतील लहान आणि मोठी अक्षरे भिन्न मानते. एकच नाव मोठ्या अक्षराने आरंभ करून लिहिले आणि पुन्हा लहान अक्षराने लिहिले, तर त्या दोन वेगळ्या फाइली होतात. तसेच ज्या नावाचा आरंभ टिंबाने होतो ती फाइल अथवा ते फोल्डर एरवी दिसत नाही. ते गुप्त नसते, केवळ नजरेआड ठेवलेले असते. पुढे आपल्या विद्यार्थ्याला याच नजरेआडच्या फोल्डरांशी काम पडणार आहे.

साधनाची निवड आणि स्थापना

टर्मिनल म्हणजे ज्या चौकटीत केवळ अक्षरे लिहिता-वाचता येतात ती. तीत आज्ञा लिहून फाइली हलविता येतात, आणि जुने जाणते तसेच करतात. परंतु नवख्याला आंधळेपणाने चालल्यासारखे वाटते, कारण काय कोठे आहे हे विचारल्याशिवाय दिसत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी फाइल-व्यवस्थापक नावाचे कार्यक्रम लिहिले गेले. ते अक्षरांनीच पडदा रेखाटतात, फाइलींची यादी डोळ्यांसमोर मांडतात आणि एका कळीसरशी काम करतात.

असे कार्यक्रम अनेक आहेत. रेंजर, व्हीआयएफएम, एनएनएन, आणि अलीकडचा याझी. प्रत्येकाचे चाहते आहेत आणि त्यांचे वादही चालतात. आरंभ करणाऱ्याने मिडनाइट कमांडर घ्यावा असे आमचे मत आहे. त्याच्या कळा पडद्याच्या तळाशी लिहिलेल्या असतात, त्यामुळे पाठांतराचे ओझे पडत नाही. १९८६ मध्ये जॉन सोचा याने डॉस प्रणालीसाठी नॉर्टन कमांडर नावाचा कार्यक्रम तयार केला होता. निळ्या पार्श्वभूमीवर शेजारी शेजारी दोन याद्या, ही त्याची मांडणी. ज्यांनी १९९० च्या सुमारास संगणकाचे वर्ग केले, त्यांना ती निळी चौकट आठवत असेल. मेक्सिकोतील मिगेल दे इकाझा या तरुणाने १९९४ मध्ये त्याच धर्तीवर मिडनाइट कमांडर लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला. हाच गृहस्थ पुढे १९९७ मध्ये ग्नोम या चित्ररूप पडद्याच्या निर्मितीचा एक प्रवर्तक ठरला. पडदा रचणाऱ्यानेच आधी पडद्यावाचून चालणारे साधन दिले होते, ही गंमत नोंदण्याजोगी आहे.

आता स्थापना. पुढील आज्ञा येथे उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकाव्यात. बॉस लिनक्स हे डेबियन कुळातले असल्यामुळे डेबियन आणि उबुंटू यांना लागू पडणाऱ्या आज्ञाच त्यालाही चालतात. आंतरजालाची जोडणी चालू ठेवून टर्मिनल उघडावे आणि लिहावे :

सुडो एपीटी अपडेट

सुडो एपीटी इन्स्टॉल एमसी

‘सुडो’ म्हणजे एस, यू, डी, ओ ही चार अक्षरे. ‘पुढील काम प्रशासकाच्या अधिकाराने करावे’ असा त्याचा अर्थ. ‘एपीटी’ हा भांडारातून कार्यक्रम आणून देणारा भांडारी. पहिल्या ओळीने तो आपली यादी अद्ययावत करतो, दुसऱ्या ओळीने एमसी, म्हणजे मिडनाइट कमांडर, आणून बसवितो. मध्येच संकेतशब्द विचारला जाईल. तो लिहीत असताना पडद्यावर एकही अक्षर उमटत नाही, तारकाही उमटत नाहीत. कळफलक बिघडला असे समजू नये. निमूटपणे लिहून एंटर दाबावे. मग खरोखरच बसवावे काय, असा प्रश्न येतो. होकारासाठी ‘वाय’ हे अक्षर पुरे. फेडोरावर ‘एपीटी’च्या जागी ‘डीएनएफ’ आणि सुसे लिनक्सवर ‘झिपर’ हा भांडारी असतो, बाकी रीत तीच.

कार्यक्रम अगदी लहान आहे, मोजक्या एमबींत मावतो. तो आज, यंत्र धड असताना, बसवून ठेवावा. संकटाच्या वेळी डिस्कवर जागा नसते, आणि वायफायचा संकेतशब्द पुष्कळदा त्या न उघडणाऱ्या पडद्यामागेच अडकून पडलेला असतो.

दोन दालने, दहा कळा

टर्मिनलमध्ये ‘एमसी’ ही दोन अक्षरे लिहून एंटर दाबले की पडदा दोन उभ्या भागांत विभागला जातो. डावे दालन आणि उजवे दालन. प्रत्येकात एकेका फोल्डरची यादी. एका दालनातील एका ओळीवर ठळक पट्टा असतो. आपण उभे आहोत ती जागा ती. बाणांच्या कळांनी पट्टा वरखाली होतो आणि टॅब कळीने एका दालनातून दुसऱ्यात जातो. फोल्डरवर पट्टा आणून एंटर दाबले की आपण त्याच्या आत शिरतो. यादीच्या शिरोभागी असलेल्या दोन टिंबांवर एंटर दाबले की एक पायरी वर येतो.

दोन दालने का, हे समजले की सारा कार्यक्रम समजला. फाइल हलवावयाची म्हणजे ‘कोठून’ आणि ‘कोठे’ हे दोन प्रश्न उत्पन्न होतात. येथे दोन्ही उत्तरे एकाच वेळी डोळ्यांपुढे असतात. ज्या दालनात पट्टा आहे ते ‘कोठून’, समोरचे ते ‘कोठे’. तराजूच्या दोन पारड्यांसारखी ही मांडणी आहे.

कळफलकाच्या वरच्या रांगेतील एफ१ ते एफ१० या कळांना एकेक काम नेमून दिलेले आहे. एफ३ ने फाइल केवळ वाचता येते. तिच्यात बदल होण्याची भीती नाही. नवख्याने पहिले काही दिवस ही एकच कळ वापरून आपल्या घरात फिरून यावे. एफ४ ने फाइल संपादनासाठी उघडते. एफ५ ने प्रत निघते : मूळ जागच्या जागी राहते आणि समोरच्या दालनात तिची जुळी उमटते. एफ६ ने फाइल हलते, म्हणजे येथून जाते आणि तेथे बसते. नाव बदलण्यासाठीही हीच कळ. एफ७ ने नवे फोल्डर तयार होते. एफ८ ने फाइल नष्ट होते. एफ९ ने वरची पट्टी उघडते, एफ१ ने साहाय्य मिळते, एफ१० ने बाहेर पडता येते.

एफ८ बद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे. चित्ररूप पडद्यावर एखादी फाइल काढून टाकली की ती बहुधा कचरापेटीत जाते आणि पश्चात्ताप झाल्यास परत आणता येते. मिडनाइट कमांडरमध्ये कचरापेटी नाही. तो एकदा विचारतो आणि होकार मिळताच फाइल नाहीशी करतो. एफ५ आणि एफ८ यांच्यामध्ये कळफलकावर केवळ दोनच कळा आहेत. म्हणून प्रश्नाची चौकट आली की तीत लिहिलेले नाव वाचल्याखेरीज एंटर दाबू नये, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. मौल्यवान गोष्टीच्या बाबतीत एफ६ ही कळसुद्धा विसरावी. एफ५ ने प्रत काढावी, ती एफ३ ने उघडून पाहावी, आणि मगच मुळाचा विचार करावा.

अनेक फाइली एकदम उचलावयाच्या असल्यास प्रत्येकीवर इन्सर्ट कळ दाबत जावे. त्यांची नावे वेगळ्या रंगात दिसू लागतात आणि पुढची कळ त्या सर्वांना लागू होते. आजकालच्या लॅपटॉपवर वरच्या रांगेतील कळा आवाज व प्रकाश कमीजास्त करण्यासाठी राबविलेल्या असतात, तर काही टर्मिनल एफ१० ही कळ स्वतःकडेच ठेवून घेतात. अशा वेळी एस्केप दाबून सोडावे आणि मग अंक दाबावा : एस्केप आणि ५ म्हणजे एफ५, एस्केप आणि ० म्हणजे एफ१०. कंट्रोल आणि ‘ओ’ एकत्र दाबल्यास दालने बाजूला सरतात आणि मागचे टर्मिनल दिसते. पुन्हा दाबल्यास दालने परततात. ऑल्ट आणि टिंब एकत्र दाबल्यास टिंबाने आरंभ होणारी नावे दिसू लागतात. दाबून ठेवलेली अर्थात झिप केलेली फाइल असेल, तर तिच्यावर एंटर दाबताच ती फोल्डरसारखी उघडते; आतून हवा तेवढाच कागद काढता येतो.

मराठी वाचकाला एक अडचण येईल, तिचीही कल्पना देणे इष्ट. फाइलीचे नाव देवनागरीत ठेवता येते, परंतु टर्मिनल प्रत्येक अक्षराला समान रुंदीचे घर देते. आपली जोडाक्षरे, वेलांट्या आणि मात्रा त्या घरांत नीट बसत नाहीत. त्यामुळे नाव तुटक दिसते आणि दालनाची उभी रेघ त्या ओळीपुरती सरकते. फाइलीला त्याने काहीही अपाय होत नाही. परंतु चित्ररूप पडदा मुळीच नसलेल्या, निव्वळ अक्षरांच्या पडद्यावर गेल्यास देवनागरीच्या ठिकाणी केवळ चौकोन दिसतात, कारण तेथे आपल्या लिपीचा संच नसतो. तेव्हा फाइल ओळखावी लागते ती शेजारी लिहिलेल्या आकारावरून आणि दिनांकावरून. मातृभाषेचा अभिमान बाळगूनही, महत्त्वाच्या फोल्डराचे नाव रोमन लिपीत ठेवावे असा सल्ला नाइलाजाने द्यावा लागतो. आतला मजकूर अर्थातच मराठीत असावा.

बंद दारामागून

आता त्या रात्रीकडे वळू. विद्यार्थ्याने एमसी आधीच बसविलेला आहे असे धरू.

संकेतशब्दाची चौकट पुन्हा पुन्हा येत असताना त्याने कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या तीन कळा एकत्र दाबाव्यात. चित्रे नाहीशी होऊन काळ्या पडद्यावर नाव विचारणारी एक ओळ येते. हे दुसरे दार. येथे वापरकर्त्याचे नाव लिहावे, मग संकेतशब्द लिहावा. प्रवेश मिळाला तर अर्धी चिंता तेथेच मिटली, कारण प्रणाली जिवंत आहे हे सिद्ध झाले. आता डिस्कवर किती जागा उरली आहे ते विचारावे :

डीएफ -एच

जी यादी येते तीत शेवटच्या स्तंभात केवळ ‘/’ अथवा ‘/होम’ असलेली ओळ पाहावी. तीत शंभर टक्के भरल्याचे दिसले, तर कारण सापडले.

पहिले काम जागा मोकळी करण्याचे नाही. पहिले काम अहवाल बाहेर काढण्याचे. पेनड्राइव्ह लावावा. या काळ्या पडद्यावर तो आपोआप जोडला जाण्याची खात्री नसते, हाताने जोडावा लागतो. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा दिली की यंत्राला लागलेल्या सर्व डिस्कांची नावे व आकार दिसतात. पेनड्राइव्ह आकारावरून ओळखावा. १६ किंवा ३२ जीबीची वस्तू यादीत सहसा एकच असते. तिचा भाग समजा ‘एसडीबी१’ या नावाने दिसला, तर :

सुडो माउंट /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी

‘या वस्तूला या फांदीवर बसवावे’ असा या ओळीचा अर्थ. ‘माउंट’ म्हणजे एम, ओ, यू, एन, टी. नाव निराळे दिसल्यास तेच लिहावे. येथे अंदाजाने काही लिहू नये. काम बिनतक्रार झाले तर लिनक्स काहीच बोलत नाही. हे मौन म्हणजे संमती समजावी.

अशा रीतीने जोडलेल्या पेनड्राइव्हवर सामान्य वापरकर्त्याला बहुधा लिहिता येत नाही. म्हणून येथे ‘सुडो एमसी’ असे लिहून प्रशासकाच्या अधिकाराने व्यवस्थापक उघडावा. या अधिकारात कोणतीही फाइल नष्ट करता येते, प्रणालीची स्वतःचीसुद्धा. तेव्हा या वेळी एफ५ आणि एफ१० यांखेरीज कोणत्याही कामाच्या कळेला हात लावू नये. टॅबने उजव्या दालनात जावे, तळाच्या ओळीत ‘सीडी /एमएनटी’ लिहून एंटर दाबावे. उजवीकडे पेनड्राइव्ह उघडतो. टॅबने डावीकडे यावे, अहवालाचे फोल्डर शोधावे, त्यावर पट्टा आणावा आणि एफ५ दाबावे. मालकीची नोंद करता येत नाही अशा अर्थाची तक्रार येऊ शकते. पेनड्राइव्हवर बहुधा फॅट ही जुनी पद्धत असते आणि तीत मालकाचे नाव नोंदविण्याची सोयच नाही. प्रतीच्या चौकटीतील ‘प्रिझर्व्ह अ‍ॅट्रिब्यूट्स’ हा पर्याय स्पेस कळीने आधीच काढून टाकला तर ही तक्रार टळते. त्याच पद्धतीच्या आणखी एका मर्यादेमुळे चार जीबीहून मोठी एकच फाइल तेथे मावत नाही. अहवालाला ती अडचण येऊ नये, चित्रफितीला येईल.

प्रत पूर्ण झाल्यावर उजव्या दालनात जाऊन अहवालाचा आकार मुळाशी ताडून पाहावा. मग एफ१० ने बाहेर पडावे आणि लिहावे :

सुडो यूमाउंट /एमएनटी

ही आज्ञा उच्चारावरून लिहू जाता चूक होण्याचा संभव आहे. तिच्यात ‘यू’ नंतर ‘एन’ नाही : यू, एम, ओ, यू, एन, टी. आज्ञा दिल्यावर पुढची ओळ येईपर्यंत थांबावे. कधी अर्धा मिनिट लागतो. लिनक्स लिहावयाचा मजकूर काही काळ स्मृतीत साठवून मग सवडीने पेनड्राइव्हवर उतरविते. प्रत झाल्याचे पडद्यावर दिसले तरी शेवटचा भाग अजून वाटेत असू शकतो. घाईने उपटलेल्या पेनड्राइव्हवर फाइलीचे नाव असते आणि आत काहीच नसते, हा अनुभव अनेकांना आलेला आहे. आणि तो येतो तो नेमका सकाळी, परीक्षकांसमोर.

अहवाल हाती आल्यावर जागेचा प्रश्न. आता ‘सुडो’ न लावता नुसते ‘एमसी’ लिहावे, म्हणजे हात चुकला तरी हानी आपल्या घरापुरतीच राहील. ऑल्ट आणि टिंब दाबून नजरेआडची फोल्डरे दृष्टीस आणावीत. फोल्डरांच्या शेजारी जो आकार दिसतो तो आतल्या सामानाचा नसतो. तो पाहण्यासाठी पट्टा फोल्डरवर आणून कंट्रोल आणि स्पेस एकत्र दाबावे. क्षणभराने खरा आकडा येतो. बहुतेकदा दोन ठिकाणे भरलेली आढळतात. एक ‘.कॅश’, म्हणजे टिंब आणि पुढे सी, ए, सी, एच, ई. आंतरजाल पाहताना जमलेला पाचोळा येथे साठतो आणि तो काढला तर पुन्हा जमण्यापलीकडे काही होत नाही. दुसरे ठिकाण कचरापेटी. ‘.लोकल’, तिच्या आत ‘शेअर’, त्याच्या आत ‘ट्रॅश’. चित्ररूप पडद्यावर वर्षभर जे जे काढून टाकले ते येथे पडून असते, आणि काढून टाकले म्हणून जागा मोकळी झाली असे आपण समजत असतो. ‘ट्रॅश’च्या आत ‘फाइल्स’ आणि ‘इन्फो’ अशी दोन फोल्डरे असतात. दोन्हींतील सामान काढावे, फोल्डरे राहू द्यावीत. एफ८ चा उपयोग करण्याची वेळ ही. चौकटीतील नाव वाचावे आणि होकार द्यावा. टिंबाने आरंभ होणाऱ्या इतर फोल्डरांत आपल्या कार्यक्रमांच्या नोंदी असतात; ती केवळ मोठी दिसतात म्हणून काढू नयेत.

पुन्हा ‘डीएफ -एच’ विचारून एखाद्या जीबीची जागा झाली असल्याची खात्री करावी. मग ‘एक्झिट’ लिहून बाहेर पडावे आणि कंट्रोल, ऑल्ट व एफ१ दाबून चित्ररूप पडद्याकडे परतावे. काही यंत्रांवर तो एफ२ वर, तर जुन्या मांडणीत एफ७ वर असतो. संकेतशब्द लिहावा. डिस्क भरणे एवढेच कारण असेल तर या वेळी दार उघडेल. न उघडल्यास दोष अन्यत्र, बहुधा पडदा रेखाटणाऱ्या चालक-कार्यक्रमात आहे असे समजावे. तो सुधारणे हे जाणकाराचे काम. यंत्र त्याच्याकडे सकाळी न्यावे, आणि अहवालाचा पेनड्राइव्ह घरी ठेवावा.